लिंबाजीचा पाय आणि विमानाचं वारं

"सायेब, तुमचा इस्वास बसणार न्हाई," जीपचा ड्रायव्हर सूर्यभान म्हणाला, आणि चौकशीला आलेल्या साहेबांनी पहिल्यांदाच पेनाचं टोपण काढलं.

चौऱ्याहत्तर साली पाथरीजवळच्या माळावर कपाशीवर औषध फवारणारं विमान उतरायचं. धावपट्टी म्हणजे ढेकळं फोडून सारखी केलेली दोन फर्लांग जमीन, आणि तिच्यावरची एकुलती एक जीप सूर्यभानच्या ताब्यात. जीपला ब्रेक नव्हते. तसं त्यानं तीनदा लिहून दिलं. तिन्ही वेळा ह्याच साहेबांच्या सहीनं उत्तर आलं, जीप जपून चालवावी. मग औषधाची पिंपं भरणाऱ्या लिंबाजीनं धावत येऊन चाकाखाली दगड सारायचा, अशी सोय झाली. गेल्या आठवड्यात उतारावर दगडाच्या आधी लिंबाजीचा पायच चाकाखाली गेला. जीपला ओरखडाही आला नाही, त्यामुळे कचेरीला फार समाधान वाटलं.

आता तंबूत चौकशी. चूक सूर्यभानची ठरली तर त्याची नोकरी जाणार. लिंबाजीची ठरली तर रोजंदारीवरून त्याचं नाव कटणार. ब्रेकची ठरली तर साहेबांचंच काही खरं नव्हतं, म्हणून ब्रेकचा विषय कुणी काढला नाही. लिंबाजी प्लास्टरातला पाय पिंपावर टाकून ऐकत होता.

"इमान सुटलं," सूर्यभान सांगू लागला, "आन् त्याच्या पंख्याचं वारं असं आलं, जीप बाभळीएवढी वर गेली. मी आत. तिथून मला पाथरीची एसटी दिसायलीय. खाली बघतो तर ह्यो लिंबाजी पायलटला हात हलवायलाय. मी वरून म्हणलं, बाजूला सरक गड्या. ऐकतो कुठं?"

"म्हणजे निष्काळजीपणा," साहेब म्हणाले.

"लय." लिंबाजीकडं बघायचा धीर सूर्यभानला होईना, पण जीप आता बाभळीवर होती, तिला कुठंतरी उतरवणं भाग होतं. "उतरली ती नेमकी ह्येच्या पायावर."

साहेब भराभर लिहीत होते. हवेतल्या जीपला ब्रेक नसले म्हणून कोण विचारतंय? त्यांनी मोठ्या खुशीत कागद लिंबाजीपुढं सरकवला.

"सही कर."

लिंबाजीनं कागद सगळा वाचला. पेन घेतलं, आणि झाकून परत ठेवलं.

"सूर्यभानदादा, त्या दिशी इमान नांदेडला व्हतं."