नवाचा अर्धा घात

छप्पन सालची गोष्ट. चिखलीच्या लोकल बोर्डाच्या शाळेत पहिलीला शिकवणारी कुशाबाई सातवीची फायनल पास होती. तिला मॅट्रिक व्हायचं होतं, पण बीजगणितानं तिला दोनदा आडवं पाडलं होतं. म्हणून दर रविवारी ती चिंचवडला लक्ष्मणराव गुरुजींच्या ओट्यावर शिकायला येई.

"नवाचा अर्धा घात किती?"

"साडेचार."

"तीन! कितीदा सांगू? अर्धा घात म्हणजे वर्गमूळ. पाठ करा."

"पाठ आहे, गुरुजी. तरी हात साडेचारच लिहितो. दुसरा घात म्हणजे नऊ दोनदा मांडून गुणायचे. मग अर्ध्यांदा कसे मांडायचे?"

"परीक्षेत असलं विचारत नाहीत," म्हणून गुरुजी पानाला चुना लावू लागले.

कुशाबाई फणफणतच घरी आली. ज्या संख्येचं मूळ नेमकं निघत नाही, तिच्या मुळाला पुस्तकात 'करणी' म्हणत. तांदूळ निवडता निवडता ती पुटपुटली, "ह्या करणीनं जीव खाल्ला माझा."

सासूनं, ठकुबाईनं, तेवढंच ऐकलं. लगेच मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या.

"अहो आत्याबाई, गणितातली करणी!" कुशाबाई ठसकत ओरडली.

"अगं बया! आता गनितातून बी करत्यात व्हय?"

डोळे पुसत कुशाबाईनं पाटी ओढली. गुणाकारात घातांकांची बेरीज होते, एवढं तिला पटलेलं होतं. मग नवाचा अर्धा घात त्यानंच गुणला, तर अर्धा न् अर्धा मिळून एक. म्हणजे नऊच यायला हवेत. कुणाला त्यानंच गुणलं की नऊ येतात? तिनाला. साडेचार तिथं बसूच शकत नव्हते. आनंद व्हायचा सोडून तिला संतापच आला. एवढंसं होतं, तर आधी कुणी का नाही सांगितलं?

पुढच्या रविवारी तिनं गुरुजींना ते तावातावानं मांडून दाखवलं. ते "बरं" म्हणाले आणि नऊ अधिक सोळा, या बेरजेचं वर्गमूळ काढायला घातलं. तीन अधिक चार, सात! तिनं झोकात लिहिलं.

"चूक. पंचविसाचं मूळ पाच. बेरजेची मुळं अशी सुटी काढायची नाहीत. पाठ करा."

"नाही करणार! का काढायची नाहीत, ते सांगा."

गुरुजी हळूच म्हणाले, "मलाही कुणी सांगितलं नाही हो. मीही पाठच केलं."

कुशाबाईनं तीन अधिक चार, या बेरजेचा वर्ग मांडला. नऊ आले, सोळा आले, आणि वर तीन गुणिले चार दोनदा, म्हणजे चोवीस उरले. साताच्या वर्गात हे चोवीस जास्तीचे घुसले होते. गुरुजी पाटीवर वाकून बघत राहिले.

मार्चच्या परीक्षेत ती पास झाली, बीजगणितात अगदी काठावर. प्रत्येक गणिताचं 'का' शोधता शोधता तिचे दोन प्रश्न राहून गेले होते. तिच्याबरोबर परीक्षेला बसलेल्या भिमाजीनं सगळे नियम डोळे मिटून पाठ केले होते. त्याला ऐंशी मार्क पडले. ते मात्र तिला कितीतरी दिवस सलत राहिलं.