काळी चार

"बाई, आवाज फाटून राह्यला," देवीदास म्हणाला आणि माझ्या पेटीसमोर सतरंजीवर बसला. अठ्ठेचाळीस वर्षांचा, कानात बाळी, केसांना रंग. सारा देश त्याला डेव्ह म्हणतो. अकोल्यात जठारपेठेतल्या माझ्या गायनाच्या क्लासात तो नवव्या वर्षी आला, तेव्हा चपला हातात धरून दारात उभा राहिला होता.

घशात गाठी आल्या होत्या. डॉक्टरने दोन महिने मौन सांगितलं होतं, पण उद्या अमरावतीला कार्यक्रम होता. पंचवीस वर्षं ड्रमच्या वरताण ओरडल्यावर दुसरं काय होणार? बँडवाले म्हणत होते, गाणी पेटीवरच्या उंच काळी चारवरून खालच्या काळी दोनला उतरवू. त्याचा धीर होत नव्हता.

"तुमी सांगा. तुमचा कान खोटं बोलत नाई."

मी चहा ठेवायला उठले नाही. सहा वर्षांपूर्वी टीव्हीवर याने माझी नक्कल केली होती. मान हलवत, बारीक आवाजात. अकोल्याच्या एका बाईने मला बायकांच्या पट्टीत गायला लावलं, तिथंच गळा नासला, असं म्हणाला. लोक पोट धरून हसले. अकोल्यात नाव सांगायची गरजच नव्हती. आधी मुलांच्या आया त्यांना क्लासातून काढायला आल्या, मग मुलींच्या. दिवाळीपर्यंत सतरंजीवर मी आणि पेटी, दोघीच उरलो.

"काहून उतरवतं?" मी म्हणाले. "तुही पट्टी काळी चार. खाली आला का लोक म्हनतीन, डेव्ह सरला."

तो पाया पडला. मी पाय मागे घेतले नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीने बडनेऱ्याला उतरले, तिथून ऑटोने मैदानावर. त्यानेच दिलेल्या पासवर तिसऱ्या रांगेत बसले. तीन गाणी निभली. चौथ्याला तो वरच्या सुरावर गेला आणि पत्रा ओढल्यासारखा आवाज निघाला. पुन्हा गेला. या वेळी नुसती हवा आली. मागून कोणीतरी त्या फाटक्या आवाजाची नक्कल केली आणि मैदान हसलं.

एवढंच ऐकायला मी आले होते. ऐकलं.

पण तो पत्रा मी आधीही ऐकला होता. देवीदासला मिसरूड फुटत होतं, आवाज चिरकत होता. त्याला खाली आणायला हवं हे मला कळत होतं. आंतरशालेय स्पर्धा तोंडावर होती आणि त्याचा तो वरचा सूर माझ्याच काळी चार पट्टीत चमकायचा. "बाई, दुखते," तो गळ्याला हात लावून म्हणाला होता. मी म्हणाले होते, "आठ दिवस सोस." त्या स्पर्धेत त्याने जिंकलेला कप अजून माझ्या कपाटावर आहे.

मंचावर त्याचा हात गळ्याशी गेला. गिटारवाला खुणेसाठी त्याच्याकडे बघत थांबला होता. देवीदास तिसऱ्या रांगेकडे बघत होता.

मी खूण केली नाही. फक्त मांडीवरच्या पदरावर माझी बोटं आपोआप खाली सरकली होती आणि काळी दोन दाबून धरून बसली होती.