दोन्ही हात गुंतलेले

आमच्या घरात फोन फ्रिजवर पालथा ठेवलेला असतो. तो वाजला की माझं हातातलं काम तिथंच थांबतं. लग्नाला बावीस वर्षं झाली, पण त्याची सवय काही होत नाही.

माझ्या नवऱ्याचं नाव नवाब. आईबापांनी हौसेनं ठेवलं, पण या नवाबाचा सगळा जन्म ग्रीसमध्ये गेला. निघोज्याला एका कंपनीत ते मेंटेनन्सला आहेत. म्हणजे बाकीच्यांचं काम मशीन चालू असताना, आणि यांचं मशीन बंद पडल्यावर. शटडाउनला सगळी कंपनी गावाला पळते, तेव्हा हे मशीनच्या पोटात शिरलेले असतात. एकदा महाबळेश्वरला निघालो होतो, पसरणीच्या घाटातून परत फिरलो. सोलापूरला माझ्या सख्ख्या भावाच्या निकाहात हे बिर्याणीच्या ताटावरून उठले. दोन्ही वेळा फोनवर पहिलं वाक्य तेच होतं, "नवाबभाई, फक्त दोन मिनिटं." ती दोन मिनिटं दोन मिनिटांत संपलेली मी आजवर पाहिलेली नाहीत.

म्हणून गेल्या वर्षी हे आपण होऊन म्हणाले, "परवीन, अंदमानला जाऊ या," तेव्हा मी यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता.

हे खूळ एका परदेशी इंजिनिअरनं लावलेलं. नवं मशीन बसवायला तो आला होता. जाताना मासे धरायचा आपला एक जुना रॉड यांना भेट देऊन गेला आणि मोबाइलवर व्हिडिओ दाखवून गेला. पांढरी वाळू, निळं उथळ पाणी, आणि त्यात गुडघाभर उभा एक माणूस. मासेमारीच ती, पण साधीसुधी नाही. गळाला खरं आमिष लावायचं नाही. पिसं आणि दोरा गुंडाळून खोटी कोळंबी बनवायची, आणि जाडसर दोर हवेत पुढे-मागे झुलवत ती लांब पाण्यावर अलगद टाकायची. मासा फसला की ओढून घ्यायचा, बघायचा, आणि सोडून द्यायचा.

"सोडून द्यायचा?" मी विचारलं. "मग धरायचा कशाला? त्या बिचाऱ्याचं तोंड फाडायला?"

"तुला नाही कळायचं."

"समजावून सांगा, कळेल. फॉल-पिकोचं दुकान चालवते मी, अगदीच अडाणी नाही."

यांनी हातातला मोबाइल खाली ठेवला. मग दोन्ही हात पुढे करून म्हणाले, "हे बघ. या हातात रॉड. या हातात दोर. तो हलता ठेवावा लागतो, सोडून चालत नाही. दोन्ही हात गुंतलेले. फोन वाजला तरी उचलता येत नाही."

एवढं बोलून हे अंघोळीला गेले आणि मी तव्यावरची भाकरी करपवली. मला वाटायचं, फोनचा जाच फक्त मला होतो. हा माणूसही बावीस वर्षं तो न उचलण्याचं निमित्त शोधत होता, आणि बोलला नव्हता. मला मासे नको होते, समुद्रही नको होता. मला एक आठवडा असा नवरा हवा होता, ज्याला कोणी बोलावणार नाही. मी म्हटलं, जाऊच.

पण यांची तयारी म्हणजे डोक्याला ताप. साधं फिरायला जायचं तर माणूस कपडे भरतो आणि निघतो. यांनी पहिल्यांदा समुद्राचा अभ्यास काढला. ते उथळ पाणी म्हणे दिवसभर तसं नसतं. भरती चढताना मासे आत येतात, ओहोटीला निघून जातात. आणि भरती चंद्रावर. ईदचा चांद बघण्यापुरती ज्याची मान वर व्हायची, तो माणूस रोज रात्री गॅलरीत उभा राहून चंद्र मोजायला लागला. बसायला सांगितलं की बसायचे, आणि घास तोंडात आहे तोवर पुन्हा उठायचे. "जोराची भरती नको, बेताची हवी," असं भिंतीकडे बघून म्हणायचे. झोपेतही यांचं मनगट पुढे-मागे हलायचं.

माझ्या दुकानातली रेशमी रिळं गायब व्हायला लागली. भोसरीच्या एका चिकनवाल्याकडून हे पिशवीभर पिसं घेऊन आले, ती धुऊन माझ्याच पापडाच्या चादरीवर वाळत घातली. खोट्या कोळंब्या तयार झाल्या की प्रत्येकीच्या गळाला तेलाचा बोळा फिरवायचे.

"समुद्राचं पाणी खारं असतं. लोखंड गंजतं."

"आणि माशाला वास नाही यायचा तेलाचा?"

हे चपापले. कंपनीत पार्ट तयार झाला की गंजू नये म्हणून तेलात बुडवून ठेवायचा, हातांना तीच सवय. दुसऱ्या दिवशी सगळ्या कोळंब्या पुन्हा बनवल्या. माझी आणखी दोन रिळं गेली.

दोर टाकायचा सराव गच्चीवर. पहिल्याच आठवड्यात गळ अडकला तो वरच्या मजल्यावरच्या कौशल्याबाईंच्या वाळत घातलेल्या पातळात. हे ओढताहेत, पातळ येतंय, आणि कौशल्याबाई जिन्यात कमरेवर हात ठेवून उभ्या.

"नवाबभाऊ, मासं न्हाई गावलं म्हून माझं पातळ धरलं व्हय?"

"चुकलं, कौशल्याबाई."

"चुकलं तर चुकलं. धरून सोडायचं आसतंय न्हवं? सोडा मग."

मी हसून हसून जिन्यातच बसले. हेही हसले. यांना असं दात दाखवून हसताना मी किती दिवसांनी पाहत होते, मलाच आठवेना. त्या दिवसापासून मीसुद्धा दिवस मोजायला लागले, आणि माझी झोप उडाली. फोन वाजेल, जाणं रद्द होईल, एवढंच डोक्यात. दुकानात शिलाई वाकडी जायला लागली. गिऱ्हाईक म्हणायचं, "परवीनभाभी, लक्ष कुठंय?" लक्ष फ्रिजवर होतं.

बेत यांनी कपाटाच्या दारावर मोठ्या कागदावर आखला होता. कंपनीत आखतात तसाच. प्रत्येक तारखेची एक ओळ, आणि ओळीत तीन खाने. पहिली शिफ्ट, दुसरी शिफ्ट, तिसरी शिफ्ट. चौदा तारखेच्या ओळीत तिसऱ्या खान्यात लिहिलं होतं, "विमान". तिकिटं पिंपरीतल्या एका एजंटानं काढून दिली होती. पुण्याहून मध्यरात्र उलटून निघणारं विमान, चेन्नईला बदलून सकाळी अंदमान. मी तिकीट पाहिलं, कागद पाहिला. दोन्हीवर चौदा. मी निर्धास्त.

इथं एक सांगायला हवं. आमच्या घरात तारीख रात्री बाराला बदलत नाही. सकाळी सातला पहिली शिफ्ट लागते, तेव्हा बदलते. रात्रपाळी करून हे घरी येतात तोवर आदलीच तारीख चालू असते. आमची एकुलती एक मुलगी सिदरा, ती पहाटे जन्मली. दवाखान्यानं दाखल्यावर नऊ तारीख घातली. हे म्हणाले, तिसऱ्या शिफ्टला झाली, म्हणजे आठ. आजही आमच्याकडे केक आठला कापतात आणि तिच्या मैत्रिणींचे मेसेज नऊला येतात. सुरुवातीला मी भांडायचे. मग रात्रपाळीचे डबे भरता भरता माझंही डोकं तसंच चालायला लागलं.

तेराला हे सेकंड शिफ्टला गेले. पुढच्या माणसाला सगळं नीट समजावून देतो म्हणाले, म्हणजे कोणी फोन करायला नको. ज्ञानेश सर म्हणून यांचे मॅनेजर आहेत, वयानं लहान, बोलायला गोड. त्यांना म्हणे समोर उभं राहून सांगितलं, "सर, आठवडाभर मी नाही." घरी आल्यावर हे वाक्य मला दोनदा ऐकवलं. मला अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू. बॅगा दाराशी भरून ठेवल्या होत्या. रॉडची लांब नळी सोफ्यावर झोपवली होती.

चौदाला सकाळी आम्ही निवांत उठलो. मी खास शिरखुर्मा केला होता, ईद नसताना. हे गॅलरीत उभे राहून खात होते. तेवढ्यात फोन वाजला. मी चमचा टाकून फ्रिजकडे धावले. पण कंपनी नव्हती, सिदरा होती, नाशिकच्या होस्टेलवरून.

"अम्मी, पोचलात ना? अब्बूंना सांग, समुद्राचा फोटो पाठवा."

"अगं, पोचू कुठून? विमान रात्रीचं आहे."

ती हळू आवाजात म्हणाली, "अम्मी, विमान चौदा तारखेला रात्री बारा पन्नासचं होतं. म्हणजे काल रात्री. तुम्ही काल गेला नाहीत?"

मी यांच्याकडे पाहिलं. यांनी वाटी कठड्यावर ठेवली, माझ्या हातातून फोन घेतला आणि विचारलं, "तिसरी शिफ्ट चौदाचीच ना?"

"अब्बू," सिदरा म्हणाली, "माझ्या वाढदिवसासारखंच केलंत तुम्ही."

यांनी एजंटाला फोन लावला. त्यानं तेच सांगितलं, वर म्हणाला की पुढची जागा आठवड्याभरानं, आणि तेव्हा भरती कशी असेल ते त्याला माहीत नाही. हे त्याला "बरं" म्हणाले आणि कपाटापुढे जाऊन उभे राहिले. मीही गेले. तिसऱ्या खान्यातलं ते विमान आम्ही दोघं बघत राहिलो. यांची कंपनीची बस यांना दाराशी सोडत होती, तेव्हा ते विमान आमच्या दिघीवरून उडत गेलं असणार. आम्ही त्याचा आवाजही ऐकला असेल.

मला रडू आलं आणि रागही आला, दोन्ही एकदमच. यांचा राग करावा तर तिकीट मीही पाहिलं होतं. जगातली कुठलीही बाई सांगेल की बारा वाजून गेले की पुढची तारीख. मला नाही सुचलं. मी यांच्या फोनला घाबरत बसले होते, आणि कंपनी फोन न करताच आमचा आठवडा घेऊन गेली.

"माझंच चुकलं," हे म्हणाले.

"आपलं चुकलं," मी म्हटलं. "आता एका जागी बसा."

बसले नाहीत. बॅग उघडली, बंद केली. नळ गळत नसताना तो पाना घेऊन आवळला. पंख्याचा आवाज येतो म्हणाले, पंखा बंद होता. दुपारी मी डोळे मिटून पडले होते, तर उठून पाहते तो हे घरात नाहीत. सोफ्यावरची नळी रिकामी. मी गच्चीवर गेले, फोन सोबत घेऊन. तो का घेतला कोण जाणे, सवयीनं घेतला.

हे उन्हात पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, अनवाणी उभे होते. कौशल्याबाईंचे कपडे बाजूला सरकवलेले. दोर हवेत पुढे जात होता, मागे येत होता, आणि समोरच्या पाण्याच्या टाकीपाशी अलगद पडत होता. इतका अलगद यांनी आधी कधी टाकला नव्हता. मी कठड्याला टेकून बघत राहिले.

"उद्या वल्लभनगर स्टँडवरून दापोलीची एसटी मिळेल," मी म्हटलं. "तिथंही समुद्र आहे."

"तिथलं पाणी गढूळ. तसे मासे नाहीत तिथं."

"नाही तर नाही. सोडूनच द्यायचे होते ना?"

यांच्या तोंडावर जरासं हसू आलं. आणि माझ्या हातात फोन वाजला. ज्ञानेश सर.

मला पुढचं सगळं दिसायला लागलं. फक्त दोन मिनिटं. मग हे म्हणणार, नाहीतरी जाणं झालं नाही, घरी बसून काय करू, जाऊन येतो. आणि मी काय म्हणणार होते? विमान चुकलेलं. बॅगा दाराशी. न जाण्याचं एकही कारण आमच्याकडे उरलं नव्हतं. मी फोन यांच्यापुढे धरला.

यांनी स्क्रीनवरचं नाव वाचलं. रॉड उजव्या हातात, दोर डाव्या हातात. डाव्या हाताची मूठ सैल पडायला लागली. ती मी पाहिली. मग ती पुन्हा घट्ट झाली, आणि यांनी दोर मागे घेतला.

"परवीन," हे म्हणाले, माझ्याकडे न बघता. "दोन्ही हात गुंतलेत."

फोन वाजतच होता. बावीस वर्षांत कंपनीचा फोन मी कधी उचलला नव्हता. मी उचलला.

"भाभी, नवाबभाई आहेत का? पोचलात का अंदमानला? फक्त दोन मिनिटं..."

"पोचलो," मी म्हटलं. "ते पाण्यात उभे आहेत, सर. हात मोकळे नाहीत."

"मग कधी करू?"

मी यांच्या दुमडलेल्या पँटीकडे पाहिलं. "आठवड्यानं करा," मी म्हटलं, आणि फोन बंद करून कौशल्याबाईंच्या पातळाखाली सावलीला ठेवून दिला.