सगळ्या प्रश्नांना पाच!

मित्रांनो, माझ्या पोटात आधी बंदुकीच्या गोळ्या असायच्या, आता माणसांच्या मनातल्या गोष्टी असतात. मी दारूगोळ्याची एक जुनी लोखंडी पेटी आहे. गोळ्या संपल्यावर खरं तर मी भंगारात जायची, पण लोणावळ्याच्या आमच्या छावणीतल्या एका कारागिराने माझ्या झाकणाला वीतभर फट पाडली, कडीला कुलूप घातलं आणि अंगाला नवा हिरवा रंग दिला. वर पांढऱ्या अक्षरांत लिहिलं, 'सर्वेक्षण'. रंग वाळेपर्यंत मी उन्हात ऐटीत बसून होते. आमच्या कंपनीचं नाव मात्र विचारू नका. गुपितं सांभाळणं हाच माझा धंदा आहे.

माझं काम वर्षातून एकदाच असतं. पुण्याच्या मुख्यालयातून छापील कागद येतात. त्यावर वीस वाक्यं असतात. 'माझे साहेब माझं ऐकून घेतात', 'मला तुकडीत मान मिळतो', अशी. प्रत्येक वाक्यापुढे एक ते पाच आकडे. एक म्हणजे मुळीच नाही, पाच म्हणजे अगदी खरं. जवानाने आकड्यावर खूण करायची, शेवटच्या कोऱ्या ओळीत मनात असेल ते लिहायचं आणि नाव न घालता कागद माझ्या तोंडात टाकायचा. कंपनीत माणसं कशी नांदतात, साहेब कसे वागतात, हे वरच्यांना त्यातून कळतं.

कळायला हवं, असं म्हणू या! कारण आमचे सुभेदार विठ्ठलसाहेब. मावळातलाच माणूस, आवाज असा की डोंगरावरची गुरं माना वर करतील. सर्वेक्षणाच्या दिवशी ते एकशे बारा जवानांना मैदानावर रांगेत बसवायचे आणि कवायतीसारखा हुकूम सोडायचे, "कागूद म्होरं! पेन्सिल उचल! एक नंबर, पाच! दोन नंबर, पाच!" पोरं पटापट खुणा करायची. चार मिनिटांत काम फत्ते. कोरी ओळ कोरीच राहायची. माझं पोट भरायचं, पण पोटात काहीच नसायचं. मला त्याचा भारी राग यायचा. यापेक्षा गोळ्या बऱ्या होत्या, निदान आवाज तरी करायच्या.

मग उरलेलं वर्ष मी भांडारात तंबूंच्या ढिगाखाली पडून राहायची. एका वर्षी तर पालीने माझ्यात अंडी घातली. पिल्लं फटीतून बाहेर पडली, तेव्हा मला जरा उपयोगी पडल्यासारखं वाटलं.

यंदा मात्र गंमत झाली. पुण्याच्या लोकांनी कागद बदलला आणि चौदावं वाक्य उलटं टाकलं, 'कामाच्या ठिकाणी माझा अपमान केला जातो.' विठ्ठलसाहेबांनी ते वाचलंच नाही. ते गरजले, "चौदा नंबर, पाच!" आणि एकशे बारा पेन्सिली पाचावर पडल्या.

आठवड्याच्या आत पुण्याहून सर्वेक्षणाचं काम बघणाऱ्या कॅप्टन राजेश्वरी मॅडम गाडीने धावत आल्या. कंपनीच्या मेजरसाहेबांसमोर त्यांनी कागदांचा गठ्ठा ठेवला. मी तिथेच टेबलावर होते.

"सर, तुमच्या कंपनीतल्या प्रत्येक माणसाचा अपमान होतो म्हणे," त्या म्हणाल्या.

मेजरसाहेबांचा चेहरा उतरला. "कोण करतं?"

"तेच विचारायला आले. आणि हीच माणसं वर म्हणतायत की आम्हाला पुरेपूर मान मिळतो."

विठ्ठलसाहेब टोपी सारखी करत पुढे झाले. "मॅडम, पाच म्हंजी पैकीच्या पैकी न्हवं का? आपल्याच कंपनीला कमी मार्क कशापायी द्यायचं?"

मॅडम हसू दाबत होत्या, पण ते काही दबलं नाही. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग रुमालाने डोळे पुसून म्हणाल्या, "पुन्हा घेऊ. पण मैदानावर नाही आणि ऑफिसातही नाही. इथे अशी कुठली जागा आहे, जिथे माणूस एकटा जातो आणि का गेला म्हणून कोणी विचारत नाही?"

उत्तर विठ्ठलसाहेबांनीच दिलं. "हाये की. हमीदभाईची खुर्ची!"

अशी मी केस कापायच्या खोलीत राहायला आले. हमीदभाई कामशेतचे. रोज सकाळी येतात आणि अख्ख्या कंपनीची डोकी त्यांच्या हाताखालून जातात. त्यांनी मला आरशाखालच्या फळीवर ठेवलं, शेजारी सुतळीला बांधलेली पेन्सिल ठेवली आणि आपला एक नियम केला. केस कापून झाले की ते जवानाच्या हातात कागद द्यायचे आणि म्हणायचे, "मी टॉवेल वाळत घालून येतो. तेवढ्यात काय ते लिहून टाक. माझी पाठ तिकडे असणार." त्या दहा-बारा दिवसांत हमीदभाईंनी तोच टॉवेल निदान एकशे बारा वेळा वाळत घातला. टॉवेल बिचारा पहिल्या दिवशीच वाळला होता.

आणि काय सांगू, कागद खरंच बोलू लागले! कोणी चार टाकला, कोणी दोन. कोणी कोऱ्या ओळीत लिहिताना जिभेचं टोक बाहेर काढून बसायचा. कोणी काय लिहिलं ते मी सांगणार नाही. एकाच कागदाची गोष्ट सांगते, कारण त्याने ती पुढे स्वतःच सगळ्यांना सांगितली.

तो नाईक सोपान. गाव तिकोणा पेठ, दुचाकीवर जेमतेम तासाभराच्या अंतरावर. तो कागद धरून बसून राहिला. हमीदभाई टॉवेल घालून आले, त्याला तसाच बघून परत बाहेर गेले, परत आले.

"भाई, माझं अक्षर समद्यांला ठावं हाय," सोपान म्हणाला. "फळ्यावरच्या सूचना रोज मीच लिवतो. नाव न्हाई घातलं तरी काय उपेग?"

"मग नुसते आकडे टाक आणि मोकळा हो."

"आकड्यात माझी पोर कुटं बसतीया?"

मग त्याने सगळं सांगितलं. प्रेरणा, त्याची सात वर्षांची लेक. दिवाळीत तिला कामशेतातून सायकल घेतली. पण सोपानचा रविवार सकाळी ऑफिसपुढच्या गुलाबाच्या बागेत खुरपण्यात जायचा आणि दुपारी हजेरीत. त्याची रजा भावाच्या लग्नात संपली होती. "चुलता शिकवतो म्हनला तर ऐकंना. बाबाच शिकवनार म्हनती. सीटवरचं प्लास्टिकबी काढू देत न्हाई. एप्रिलअखेर कंपनी चाललीया पार पूर्वेच्या सीमेवर, तीन वर्सं. आठ रविवार ऱ्हायले, भाई. परत येईन तवा ती सायकल तिला ल्हान झाली आसंल."

हमीदभाई टॉवेल उचलून बाहेर गेले.

सोपानने पेन्सिल घेतली आणि फळ्यावर लिहितो त्याच सुरेख, गोल अक्षरांत लिहिलं, 'आमचा रविवार आम्हाला द्यावा.' मग कागदाची घडी घातली. "वळखू दे," तो स्वतःशीच पुटपुटला आणि कागद माझ्यात पडला. इतका जड कागद मी आजवर पोटात घेतला नव्हता, गोळ्यांच्या दिवसांतसुद्धा नाही.

पुढच्या सोमवारी मैदानावर सैनिक संमेलन भरलं. यात मेजरसाहेब सगळ्यांना समोर बसवून 'कोणाला काही सांगायचंय?' असं विचारतात आणि कोणी काही सांगत नाही, ही पद्धतच होती. मला टेबलावर मानाने ठेवलं होतं. कागद मॅडमनी पुण्याला नेले होते, अक्षर कोणाला दाखवलं नव्हतं, फक्त बेरीज कळवली होती.

"अपमान कोणाचाच होत नाही," मेजरसाहेब म्हणाले, आणि सगळे हसले. "पण एकशे बारापैकी एक्क्याण्णव जणांना रविवारची सुट्टी हवी आहे. मग आजवर कोणी बोललं का नाही?"

सगळे बुटांकडे बघत राहिले. तेवढ्यात मागच्या ओळीत सोपान उभा राहिला.

"साहेब, त्यातला एक मी. पोरीला सायकल शिकवायची हाय. बागंचं काम हलकं हाय आसं न्हाई म्हनत मी. पर हप्त्यातला त्यो एकच दीस हाय."

मेजरसाहेबांनी टोपी काढून टेबलावर ठेवली.

"मला वाटायचं तुम्हाला बाग आवडते," ते म्हणाले. "दरवर्षी सगळीकडे पाचच यायचे! बाग आधीच्या साहेबांनी लावली, ती मी मोडली तर तुम्हाला वाईट वाटेल म्हणून मीही रविवारी सहाला उठत होतो. मला गुलाबातलं ओ की ठो कळत नाही."

मित्रांनो, मैदानावर असा हशा पिकला की विचारू नका! त्याच क्षणी रविवारचं श्रमदान आणि दुपारची हजेरी दोन्ही बंद झाली. बागेच्या बाजूने लिहिलेला एक कागदही माझ्यात होता. तो कोणाचा ते मी सांगणार नाही. एवढंच सांगते की पुढच्या रविवारपासून विठ्ठलसाहेब एकटेच, मजेत शीळ घालत गुलाब खुरपताना दिसायचे.

संमेलनानंतर मी परत हमीदभाईंच्या आरशाखाली आले. पहिल्या रविवारनंतर सोपान तिथे आला तो दोन्ही कोपरं खरचटून. "ती न्हाई पडली, मीच पडलो," तो हमीदभाईंना सांगत होता. "सीट धरून पळत व्हतो. लय जोरात मारती पायडल!" आणि खुर्चीत बसून तो इतका हसला की हमीदभाईंना कात्री बाजूला ठेवावी लागली. दर सोमवारी आम्हाला नवी बातमी मिळायची. मी आणि आरसा वाटच बघायचो.

एप्रिल संपला. ट्रक भरले. मला सोपानने आपल्या शेजारी, मागच्या फळीजवळ ठेवलं. निरोपाला घरची मंडळी आली होती. ट्रक छावणीच्या आतल्या रस्त्यावरून हळूहळू निघाला, तोच मागून घंटी वाजली. प्रेरणा सायकलवर! मागे कोणी धरलेलं नव्हतं. वेणी उडत होती, हसू कानापर्यंत होतं. "बाबा, बघा! बघा!" ती ओरडत होती. सोपान डोळे पुसायचे विसरला होता. फाटकापाशी ती थांबली, एक पाय टेकवला आणि हात हलवला. ट्रक वळला, तरी सोपानचे दोन्ही हात पुढेच होते, सीट धरल्यासारखे.

मित्रांनो, तुम्हाला कोणी मनापासून विचारलं तर खरं ते सांगा. आणि तुम्ही कोणाला विचाराल, तेव्हा जरा टॉवेल वाळत घालून या. तेवढ्यात समोरच्याला धीर येतो.