डाव्या बाजूचा खर्ज

'नाचता येईना अंगण वाकडं' ही म्हण ज्याने कुणी रचली, त्याने एडिटिंगच्या खोलीत एक दिवस नक्की काढला असणार.

चार दिवस खपून मी ती खोली जोडली होती. दोन पडदे, मिक्सर, ॲम्प्लिफायर, भिंतीवर दोन स्पीकर, टेबलाखाली वायरींचे नीट बांधलेले जुडगे आणि प्रत्येक टोकाला माझ्या अक्षरातली चिठ्ठी. चित्र तर पहिल्याच झटक्यात आलं. पाचव्या दिवशी सकाळी कानसेन येऊन खुर्चीत बसले आणि माझ्या कामाला नाट लागला.

कानसेन हे मी त्यांना मनातल्या मनात ठेवलेलं नाव. स्टुडिओच्या मालकाचे हे सख्खे काका. तीस वर्षं माहितीपट कापायचे आणि जोडायचे, एवढंच केलेलं. तीस वर्षांत त्यांची स्वतःची चूक म्हणून एकदाही झाली नाही. चूक व्हायची ती मशीनची, वायरीची, नाहीतर शेजारच्या खोलीत खुर्ची सरकवणाऱ्याची.

"हेडफोनमध्ये डावीकडून काही येत नाही," ते म्हणाले. "आणि स्पीकरमध्ये खर्ज नाही. हा निवेदक बघ, पत्र्याच्या डब्यात बसून बोलतोय."

मी हेडफोन लावून पाहिला. स्पीकरही ऐकले. "दोन्हीकडे छान वाजतंय, काका."

"छान? मुली, छान म्हणजे काय ते तरी कळतं का तुला?"

मी हेडफोन परत दिला. गिऱ्हाइकाचा काका म्हणजे आपलाही काका, दुसरं काय!

तेवढ्यात मालक आले. हा माणूस एका कानाने फोनवर 'हो हो' करतो आणि दुसऱ्या कानाने तुमचं ऐकल्यासारखं करतो. त्यांनी मला जिन्यात बोलावलं.

"ताई, खरं सांगू? काकांना आता जमत नाही. पण घरचं माणूस, उगाच कसं उठवणार? तुमची जोडणी चुकली असेल तर वरच्या तीन खोल्या जोडायला मी दुसरं कुणीतरी बघतो. जोडणी बरोबर असेल तर दोष काकांचा, मग मी बोलायला मोकळा. पाचपर्यंत काय ते सांगा."

एका वायरीला दोघांची पोटं टांगून साहेब 'हो हो' करत निघून गेले.

मी कामाला लागले. अंगण सरळ आहे हे दाखवायचं होतं, म्हणून एकेक टोक तपासत गेले. दुपारी डाव्या स्पीकरच्या मागे हात घातला आणि हात तिथेच थांबला. लाल वायर काळ्याच्या जागी होती, काळी लालच्या. वर माझीच चिठ्ठी, माझंच वळणदार अक्षर. असं उलटं लागलं की एक स्पीकर ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो, आणि खालचा जाड आवाज दोघांत मिळून मरतो. काम शिकायला लागल्यावर पहिल्या महिन्यात होणारी चूक! बरं, झाली ती झाली, मला ती ऐकूही आली नव्हती.

काका चष्मा पुसत होते. अर्ध्या मिनिटात मी वायरी बदलल्या.

"काय होतं तिथे?"

"धूळ."

त्यांनी निवेदक पुन्हा लावला. मान वर केली. "खर्ज आला. काय केलंस?"

"काही नाही. नव्या खोलीत असे भास होतात, काका."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि पुढचं काम उघडलं. मला त्यांचा असा राग आला म्हणता! चुकलेल्या माणसाला सगळ्यात नकोसा होतो तो बरोबर असलेला माणूस.

हेडफोनचं तुणतुणं मात्र चालूच होतं. वायर बदलली, हेडफोन बदलला. मिक्सरवरचे डाव्या-उजव्या आवाजाचे काटे जोडीने नाचत होते. तरी यांचं आपलं "डावीकडे नाही." पाचला दहा मिनिटं कमी असताना माझा संयम संपला.

"जरा स्वस्थ बसा," मी म्हणाले, आणि त्यांच्या डोक्यावरचा हेडफोन काढून उलटा घातला. डावी वाटी उजव्या कानावर, उजवी डाव्यावर. "दोष माझ्या वायरीत असेल तर आता उजव्या कानाला ऐकू येणार नाही."

मी आवाज लावला. ते ऐकत राहिले. त्यांचा चेहरा उतरताना मी बघत होते, आणि खोटं कशाला बोलू, मला मजा वाटत होती. त्यांनी स्वतःच्या हाताने हेडफोन सरळ केला, परत उलटा केला आणि मग काढून टेबलावर ठेवला.

"मी नेहमी डावी वाटी कानामागे सारून काम करतो," ते म्हणाले. "सवयच ती. आज नवी खोली तपासायची म्हणून दोन्ही लावल्या. कधी गेला असेल, कोण जाणे."

दारात मालक उभे. "सापडला दोष?"

तिखटमीठ लावलेलं उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं. पण काका आधी बोलले.

"सापडला. हिची वायर ठीक आहे. माझा डावा कान गेलाय."

किती वाजले ते सांगावं तसं त्यांनी ते सांगितलं. मालकांनी चेहरा पाडून पाहिला, पण तो काही नीट पडेना. मग ते माझ्याकडे वळले. "आणि ताई, ते खर्जाचं? खरंच काही होतं, की तेही कानाचंच?"

खरं बोलले असते तर काकांची खुर्ची टिकली असती. दोन धड कानांनी मला जे कळलं नाही, ते या माणसाने एका कानाने पकडलं होतं. पण मग वरच्या तीन खोल्या गेल्या असत्या. काका माझ्याकडे पाहत होते. विनवणी नव्हती, नुसतं ऐकत होते.

"नाही," मी म्हणाले. "जोडणी पहिल्यापासून बरोबर होती."

"बरं," काका म्हणाले. त्यांनी चष्मा खिशात ठेवला, खुर्ची टेबलाखाली सरकवली, आणि दारातून जाताना मागे वळले. "वरच्या खोल्यांत तेवढी धूळ आधीच पुसून घे."

तिन्ही खोल्या मला मिळाल्या. हल्ली लाल कुठे, काळी कुठे, हे मी तीनतीनदा बघते. मग निवेदक लावून ऐकते. मला सगळं छानच ऐकू येतं.