सीतेची आसवं आणि झडप

भाद्रपदाच्या सप्ताहात भिकाजीबुवांच्या कीर्तनाला चार गावची माणसं लोटत. मराठी शाळेतल्या जेसिंताबाईही रोज मंडपाच्या पायरीवर बसून अभंगाला मान डोलवत. किरिस्तांवाची लेक इतक्या गोडीने ऐकते याचं बुवांना केवढं कौतुक! तरी तिसऱ्या दिवशी त्यांची जीभ घसरली.

मंडपात शिरता शिरता धोंडू गुरवाने कानाशी लागून सांगितलं, "बुवानू, ऐकलास? कातळाच्या सड्यावरची ती निळी फुलां, सीतेची आसवां, किडे खातत, म्हणान बाई पोरांक शिकवतत!" फळ्यावर शब्दही लिहिले होते म्हणे: कीटकभक्षी, पाचकरस, झडप.

आख्यान नेमकं सीताहरणाचं. बुवांनी चिपळ्या थांबवल्या. "रावणाघरी माउलीने अन्नाला शिवलं नाही हो! पण आमच्या शाळेत तिच्या आसवांना मटण लागतं. बाईंच्या घरचा रिवाज असेल!"

मंडप हसून लोटपोट झाला. बाई उठल्या, वहाणा शोधल्या, गेल्या.

दोन दिवसांत पोरं त्यांना "मटणबाई" म्हणू लागली. बाईंनी बदलीचा अर्ज लिहिल्याचं कळलं, तेव्हा बुवांनी प्रसादाचं पान बाजूला सारलं. नारदाच्या गादीवर उभं राहून आपण नाम सोडून निंदा वाटली!

ते तसेच शाळेत गेले. बाईंनी ओल्या मातीची परात आणि भिंग पुढे केलं. निळ्या फुलाखाली, मातीत, मोहरीहून बारीक पिशव्या. एकीत काळा ठिपका.

"किडो?"

"होय, झडपेतून आत ओढलेला. सड्याच्या मातीत कस नाही, बुवा. झाडाने पोट कसं भरावं?"

बुवांनी खाली मान घालून एकेक शब्द पाठ केला.

त्याच दिवशीच्या कीर्तनात त्यांनी "कीटकभक्षी" म्हटलं मात्र, लोक पुन्हा हसले. बुवांनी चिपळ्या खाली ठेवल्या. "हसां नकात. त्या दिवशी मी न बघता बोललंय. देवासमोर एका लेकीची टवाळी केलंय." मृदंगावरचा हात तिथेच राहिला. मग त्यांनी सगळं सांगितलं, पिशवी, झडप, पाचकरस.

कीर्तन संपल्यावर लोक पायाशी वाकू लागले. बुवांनी पाय मागे घेतले आणि पायरीकडे गेले. बाई बसल्या होत्या.

"बाई, तो अर्ज..."

"झडप भुतूर उघडता, बुवा. तुम्ही भायर म्हटलात."

बुवा ओशाळले. "मगे?"

"उद्या नीट सांगा. अर्जाचं मग बघू."