दहाव्याच्या दिवशीचं पत्र

सुनीलने पिंडाभोवती तिसऱ्यांदा पाणी फिरवलं, हात जोडले आणि तोंड तसंच पिंडाकडे ठेवून सात-आठ पावलं मागे सरला. नुकतंच मुंडन केलेलं त्याचं डोकं उन्हात चमकत होतं. घाटावरच्या बाभळीत चार कावळे होते. एक पंखात चोच घालून बसला होता, बाकीचे कुकडी नदीच्या पाण्याकडे तोंड करून.

"त्यो माइक बंद करा राव पयला," मागून कुणीतरी मंडपाकडे ओरडलं. "कावळं बुजत्यात."

माइक बंद झाला. प्रवचन संपून तास होत आला होता. त्यानंतर सात जणांनी श्रद्धांजली वाहिली. कारखान्याचे संचालक बोलले, दोन माजी सभापती बोलले, नानांच्या पक्षाचे तिन्ही आमदार बोलले आणि शेवटी बाळासाहेब बोलले. बाळासाहेब मंत्री होते, निदान सोमवारपर्यंत तरी. निवडणुकीनंतर त्यांच्या पक्षाने सरकार बनवलं होतं, पण तीन आमदार कमी पडत होते आणि सोमवारी सभागृहात बहुमत दाखवायचं होतं. चांगदेव नानांच्या शिवार पक्षाचे आमदार बरोब्बर तीन होते. आज शनिवार. नानांचा दहावा.

वैजयंती, नानांची मुलगी, आईला धरून बसली होती. सारजाबाईंनी पहाटेपासून पाण्याचा थेंब घेतला नव्हता. कावळा शिवल्यावरच घेईन, असं त्यांनी कुणालाही न विचारता ठरवलं होतं. त्यांचे ओठ पांढरे पडले होते आणि नजर बाभळीवरून हलत नव्हती.

"नानाला जिलबी लई आवडायची, ती ठिवली का?"

"ठिवली की. शेव बी ठिवली."

"मग आता काय तंबाखू ठिवायची राह्यली?"

"ठिवा तीबी. लपून खायाचा म्हातारा."

हसू दबक्या आवाजात पसरलं आणि विरलं. कुणीतरी खरंच चिमूटभर तंबाखू पानावर नेऊन ठेवली. कावळे जागचे हलले नाहीत.

मग ज्याला जे वाटलं ते तो पुढे होऊन बोलू लागला. सुनील म्हणाला, "नाना, आईला अंतर देणार नाही." तेजस्विनी, सुनीलची मुलगी, रडत म्हणाली, "आजोबा, मी शिक्षण सोडणार नाही." दादाभाऊ पुढे आले. नानांबरोबर पस्तीस वर्षं फिरलेला, एकाच ताटात जेवलेला माणूस, आणि दहा दिवसांपासून पक्षाचे हंगामी अध्यक्ष. ते म्हणाले, "नाना, पक्ष सांभाळतो. काळजी करू नका." कावळ्याने पंख झाडले तेव्हा सगळ्यांनी श्वास रोखला. त्याने फक्त फांदी बदलली.

बाळासाहेबांनी चपला काढल्या, डोक्यावर रुमाल घेतला आणि तेही पुढे झाले.

"नाना, तुमच्या तिन्ही आमदारांचा आम्ही योग्य तो मान राखू."

"नानाचा जीव काय आमदारांत अडकनार व्हय?" मागून एक म्हातारा पुटपुटला.

"तिगांचा अडकलाय," दुसरा म्हणाला. "नानाचा न्हाई."

नानांचा जीव कशात अडकला असेल हे घाटावरच्या सगळ्यांनाच ठाऊक होतं, आणि ते सोडून बाकी सगळं बोलून झालं होतं.

धरण झालं तेव्हा आंबेगावच्या पश्चिमेकडच्या डोंगरातली भातखाचरं पाण्याखाली गेली. पाणी कालव्याने इकडे आळ्याला आलं, नानांच्या कांद्याला आलं. एक्केचाळीस कुटुंबांना बदली जमीन कागदावर मिळाली, हातात कधीच नाही. "आपला कांदा त्यांच्या चुलीवरनं वाहत आलेल्या पाण्यावर पिकतो," एवढं एकच वाक्य नाना प्रत्येक सभेत म्हणायचे, आणि स्वतःच्या भावकीच्या शिव्या खायचे. जुन्नरला पक्ष स्थापन केला त्या दिवशी त्यांनी पहिला ठराव लिहिला: जमीन मिळेपर्यंत पक्ष या कुटुंबांना बांधील, आणि त्यांनी स्वतः मोकळं केल्याशिवाय तो कुठल्याही सरकारला पाठिंबा देणार नाही. त्या ठरावापायी दोनदा मंत्रिपद दारातून परत गेलं. दोन्ही वेळा दादाभाऊंनीच ते नानांच्या सांगण्यावरून परत पाठवलं होतं.

या वेळी बाळासाहेब निकाल लागल्यापासून सांगत होते, आधी पाठिंब्याचं पत्र द्या, बहुमत होऊ द्या, मग जमिनीचा आदेश काढतो. नाना गेले त्याच्या तीन दिवस आधी हॉस्पिटलात त्यांनी वैजयंतीचा हात धरून सांगितलं होतं, "आदेश हातात पडल्याशिवाय पत्र न्हाई. दादाभाऊला सांग." तिने त्याच संध्याकाळी फोन केला होता. दादाभाऊ "बरं" म्हणाले होते. त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नव्हता.

भटजी घड्याळ बघत सुनीलच्या कानाशी लागले. "दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववू या का? शास्त्रात सोय आहे."

"नाय," सारजाबाई म्हणाल्या. सकाळपासून त्या पहिल्यांदाच बोलल्या. "गवताचा कावळा मला नाय चालनार. त्यांचं काय राह्यलंय ते बोला कुनीतरी."

वैजयंती उठली. जुन्नरच्या कॉलेजात ती वीस वर्षं शिकवत होती. कावळा भूक लागली की येतो, गर्दी पांगली की येतो, हे तिने कितीदा तरी लोकांना समजावून सांगितलं होतं. आता ती अनवाणी पुढे गेली तेव्हा वाळू तळव्यांना भाजत होती. सगळ्या घाटाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात ती म्हणाली,

"नाना, जमिनीचा आदेश हातात पडल्याशिवाय पक्ष पत्र देणार नाही. तुम्ही मला सांगितलंत तसंच होईल."

दादाभाऊंनी मान खाली घातली. बाळासाहेबांनी रुमाल काढून मानेवरचा घाम पुसला. एक कावळा बाभळीवरून उडाला, पिंडावरून गेला, पाण्यावरून गेला आणि पलीकडच्या काठावर जाऊन बसला.

ती उभीच राहिली. पाच मिनिटं झाली असतील, दहा झाली असतील. आपण कावळ्याची वाट बघतो आहोत हे तिला कळत होतं आणि तरीही ती वाट बघत होती. तिच्या मागे आई एकदा कोरडं खोकली, आणि तिला मागे वळून बघवेना. नाना, या ना, असं ती मनात म्हणाली. पुन्हा म्हणाली. तिसऱ्यांदा तिचे ओठही हलले.

"सर गं बाय जरा," शेजारून आवाज आला.

लंकाबाई होती. सत्तरीची, काटकुळी, गुडघ्याच्या खालपर्यंत नेसलेलं लुगडं. डोंगरातून दोन एसट्या बदलून आपल्या गावच्या सावळेराम आणि आणखी दहा-बारा जणांबरोबर ती आली होती. बुडालेल्या पहिल्या घराची मालकीण. प्रत्येक मोर्चात नाना तिला पुढे चालायला लावायचे. ती पिंडासमोर उकिडवी बसली आणि ओट्यावर बसलेल्या माणसाशी बोलावं तशी बोलली.

"नाना, लंकाबाय हाय मी. लई केलंत आमच्यासाटी, आता ऱ्हाऊ द्या. जिमीन घावली तरी बरं, न्हाई घावली तरी बरं. आमी मोकळं केलं तुमास्नी. मागं बघू नका. जावा आता."

ती गुडघ्यावर हात टेकून उठत होती तेवढ्यात कावळा आला. बाभळीतला नव्हे, मंडपाच्या मागून कुठून तरी. त्याने भाताला चोच लावली, जिलबीचा तुकडा उचलला आणि गेला. मग बाकीचेही उतरले.

घाटावर एकच कल्ला झाला. सारजाबाई मोठ्याने रडल्या. तेजस्विनीने त्यांच्या तोंडाला पाण्याची बाटली लावली. निम्मं पाणी लुगड्यावर सांडलं, निम्मं त्या घटाघटा प्यायल्या. वैजयंतीने ते बघितलं आणि तिला बरं वाटलं. ते बरं वाटणं खरं होतं, आणि ते फार टिकलं नाही.

दादाभाऊ, बाळासाहेब आणि तिघे आमदार मंडपाच्या कडेला गाडीपाशी उभे होते. बाळासाहेबांच्या हातात ठरावाची झेरॉक्स होती. त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं होतं.

"'स्वतः मोकळं केल्याशिवाय' असं आहे," ते मृदू आवाजात म्हणाले. "सगळ्या तालुक्यासमोर केलं त्यांनी. मी कुणाला काही सांगितलं नव्हतं, दादाभाऊ. तुम्ही साक्षीला आहात."

दादाभाऊंनी वैजयंतीला येताना पाहिलं.

"वैजू, तू काय म्हनतीस?"

"काका, ती नानांचा जीव सुटावा म्हणून बोलली. सरकारला पाठिंबा द्या असं नाही म्हणाली."

"मोकळं केलं म्हनली."

"मेलेल्या माणसाला म्हणाली."

"ठराव त्याच मानसानं लिवलाय, पोरी."

"नानांनी मला काय सांगितलं होतं ते मी तुम्हाला त्याच दिवशी कळवलं होतं. तुम्ही बरं म्हणालात."

"म्हनलो." दादाभाऊंचे डोळे लाल होते. त्यांनीही सकाळपासून काही खाल्लेलं नव्हतं. "आन आज तू तेच समद्यांसमोर बोललीस. मी ऐकलं. मी मनात म्हनलं, येऊ दे आता, म्हंजी बाळासाहेबास्नी सरळ माघारी लावतो. आईशपथ म्हनलं. आला का त्यो?"

वैजयंतीने पलीकडच्या काठाकडे बघितलं.

"तुझ्या बोलन्यावर आला का, सांग ना."

तिच्याकडे उत्तर होतं. सकाळपासून गर्दी होती, माइक होता, ऊन चढल्यावर पाखराला भूक लागली. पण हे उत्तर तिने आता दिलं तर पलीकडे पदराने तोंड पुसत पहिल्यांदा जरा सैलावून बसलेल्या आईलाही ते ऐकू गेलं असतं. आणि दहा मिनिटांपूर्वी तिचे स्वतःचे ओठ हलले होते, ते तिला ठाऊक होतं.

"नाही आला," ती म्हणाली.

दादाभाऊ थोडा वेळ तिच्या उत्तरापलीकडे काहीतरी येईल म्हणून थांबले. पत्र टाइप करून फाइलीत तयार होतं. त्यांनी ते गाडीच्या बॉनेटवर ठेवलं, पत्रा तापलेला होता म्हणून खाली टॉवेल घातला, आणि सही केली. तिन्ही आमदारांनी एकामागून एक सह्या केल्या. तिसऱ्याने सही करताना वैजयंतीकडे बघून हात जोडले. बाळासाहेब जाताना सारजाबाईंच्या पाया पडले.

गाड्या गेल्यावर पंगती बसल्या. डोंगराकडची माणसं शेवटच्या पंगतीला बसतात, तशी तीही बसली होती. वैजयंतीने बुंदीचं भांडं घेऊन वाढायला सुरुवात केली. लंकाबाईच्या पानापाशी आली आणि तिथेच खाली बसली.

"लंकाबाई, तुम्ही बोललात ना मघाशी, ते त्यांनी पाठिंब्याला धरलं. तुम्ही मोकळं केलंत म्हणून. पत्र दिलं त्यांनी."

"ऐकलं मी. म्हातारी हाय, बहिरी न्हाई." लंकाबाईने भात कालवला. "बोलायच्या आदीच ठावं व्हतं मला. सावळेराम माझा पदर वढत व्हता, नको म्हनत व्हता."

"मग का बोललात?"

"आमच्यात कावळ्याचं एवढं न्हाई बाय. गेलेला मानूस आपला जातो. पर तू हितं हुबी, ती तुजी आय तिथं सुकलेली." तिने घास तोंडात घातला, सावकाश चावला. "तुज्याकडं बगवंना मला."

वैजयंतीने पळीभर बुंदी वाढली. लंकाबाई हाताने पुरे म्हणाली तरी तिने आणखी वाढली.

"तीस वर्सं न्हाई मिळाली ती जिमीन आज कुटं मिळनार व्हती," सावळेराम शेजारून म्हणाला. त्याने तिच्याकडे बघितलं नाही. "आदी वाटायचं, नाना हाय तवर मिळंल."

"तू जेव," लंकाबाई त्याला म्हणाली.

जेवणं झाल्यावर ती माणसं हात धुऊन रस्त्याकडे निघाली. जुन्नरला जाणारी एसटी तीनला होती. लंकाबाई थोडी मागे राहिली. तिने पदराच्या गाठीतून चौघडी घातलेला एक कोरा कागद काढला आणि वैजयंतीच्या हातात दिला.

"नाना दर साली लिवून द्यायचं. उन्हाळा सरायच्या आत कचेरीत द्यावा लागतो. आता सरकार नवं हाय, तर जिमिनीचा अर्ज कुनाच्या नावानं करायचा?"

वैजयंतीने मंडपातल्या खुर्चीवर कागद टेकवला. तेजस्विनीकडून पेन घेतलं. डाव्या बाजूला समास सोडला, वर 'प्रति' लिहिलं, त्याखाली 'माननीय' लिहिलं. नाना तसंच लिहायचे, समोर कुणीही असो. त्यापुढे तिने बाळासाहेबांचं पूर्ण नाव लिहिलं, खात्यासकट.

"किती कुटुंबं लिहू?" तिने विचारलं. "एक्केचाळीसच ना?"

लंकाबाई बोटांवर मोजू लागली. मोजता मोजता थांबली, पुन्हा पहिल्या बोटापासून सुरुवात केली. रस्त्यावरून सावळेराम हाका मारत होता.

"एक्केचाळीसच लिव," ती म्हणाली.